शांतवनकाकांच्या परवान्यावरचा तिसरा शेरा

शांतवनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडला घरी दाढी करत होतो. फोन त्यांच्या पुतण्याचा होता. "काका प्रभूत विसावले. उद्या सकाळी अकराला, शिरूरला," एवढं सांगून त्यानं ठेवून दिला, त्याला अजून बरेच फोन करायचे असणार. अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. लिहायला लाज वाटते, पण आता लिहायचंच ठरवलं आहे... 'सुटलो' असा विचार आला. काकांनी माझ्याकडं दोन ओळींचा एक कागद मागितला होता. चार महिने मी तो देत नव्हतो. आता तो मागायला कुणी येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यामार्गे एसटीनं शिरूरला गेलो. दफनभूमीत मंडळीची, म्हणजे त्यांच्या चर्चची, बरीच माणसं जमली होती, मी मागं भिंतीला टेकून उभा राहिलो. पाळक प्रार्थना म्हणत होते. माझ्या पुढ्यात दोघं जण उभे होते, चांगल्या कपड्यांतले, काकांच्याच वयाचे. त्यांच्यातला एक हळू आवाजात म्हणाला, "माणूस चांगला हो. पण ते स्टँपचं प्रकरण नडलं." दुसरा म्हणाला, "बनावट सापडले होते म्हणतात." "असतील. सरकार परवाना उगीच काढून घेत न्हाई." मग दोघांनी डोळे मिटून आमेन म्हटलं. त्या सगळ्या गर्दीत परवाना का गेला हे नेमकं ठाऊक असलेला माझ्या समजुतीनं एकच माणूस होता, तो त्यांच्या मागं दोन हातांवर उभा होता, आणि तो आपल्या बुटांकडं बघत राहिला. तो मी.

शांतवन साळवे हे परवानाधारक मुद्रांक विक्रेते होते. लोक 'स्टँपवाले काका' म्हणत. जमिनीचा, घराचा, प्लॉटचा कुठलाही व्यवहार करायचा तर आधी त्यांच्यासारख्याकडून स्टँपपेपर घ्यायचा, मग त्यावर दस्त लिहायचा आणि मग तो नोंदवायला आत कचेरीत जायचं. आमच्या कचेरीच्या भिंतीलगत पत्र्याखाली अशी पाच टेबलं होती, त्यातलं शेवटचं काकांचं. स्टँप विकायचे आणि दस्तही लिहायचे. मी आत कारकून होतो. कचेरी कुठली ते लिहीत नाही. शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांत मी नोकरी केली, आणि जे सांगणार आहे ते कचेरीवर ढकलायचं नाही. ते मी केलं.

नव्वद सालानंतरचा तो काळ. कुरकुंभला कंपन्या उभ्या राहत होत्या, हायवेलगतच्या जमिनींना अचानक भाव आला होता, आणि पांढऱ्या जीपमधून उतरणाऱ्या एजंट लोकांनी कचेरीचं आवार भरलेलं असायचं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी खुर्चीवर बसून पगार घेतला नव्हता. आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, वडील भांडगावात स्थिरावले. काकांना हे कळलं तेव्हापासून ते मला चिडवायचे. "आमच्या शास्त्रात मेंढपाळाला केवढा मान हाय कोकरे भाऊसाहेब! आन् तुम्ही ते सोडून कारकून झालात. देवाचं प्रमोशन नाकारलंत राव." मी म्हणायचो, "देव पेन्शन देत नाही काका." त्यावर पोट हलवून हसायचे. दुपारी डबा खायला मी त्यांच्याच टेबलाशी जायचो. रूथकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी त्यांच्या डब्यात असली की ते तो माझ्याकडं सरकवायचे, आणि सरकवताना मुद्दाम म्हणायचे, "ही लाच न्हाई, नोंद करून घ्या."

त्यांची एक रीत होती. दस्त लिहून झाला, की जो जमीन देणार त्याला ते समोर बसवायचे आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचे. चतुःसीमेसकट. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. आणि ज्यांचं नाव कागदावर आहे त्या सगळ्यांना ऐकायला लावायचे. बायका मागं उभ्या राहिल्या, तर "तुम्ही म्होरं या, तुमचा बी अंगठा हाय यात," असं म्हणून स्टूल पुढं करायचे. एजंट लोक घड्याळाकडं बघत चुळबुळ करायचे. बाकीच्या चार टेबलांवर तोवर दोन दोन दस्त उरकलेले असत.

आणि ह्या रीतीतूनच ती पेन्सिल आली. नियम असा, की स्टँप विकला की विकत घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि कारण नोंदवहीत आणि स्टँपच्या पाठीमागं लगेच शाईनं लिहायचं. काका ते आधी पेन्सिलीनं लिहायचे. मग साध्या कागदावर कच्चा मसुदा करायचा, वाचून दाखवायचा, माणूस हो म्हणाला की पेन्सिलीवर शाई फिरवायची. नाही म्हणाला तर खोडरबर. शाई नाही, सही नाही, म्हणजे विक्री नाही. स्टँप परत गठ्ठ्यात. हे चूक होतं. पेन्सिलीची नोंद म्हणजे वाटेल तेव्हा तारीख बदलायची सोय, म्हणून नियम होता आणि नियम बरोबर होता. मी त्यांना शंभर वेळा सांगितलं असेल. "काका, कच्चं काय ते साध्या कागदावर लिहा हो. नोंदवहीत शाई वापरा." ते म्हणायचे, "साध्या कागदावर आपलं नाव बघून माणसाला काय वाटत न्हाई भाऊसाहेब. स्टँपच्या पाठीवर दिसलं की पोटात गोळा येतो. तो यावा लागतो. गोळा आला की मग माणूस नीट ऐकतो." मी वैतागून उठून जायचो. आजही हे लिहिताना वैताग येतो. एवढा शहाणा माणूस, एवढी साधी गोष्ट ऐकत नव्हता.

वर्षातून दोनदा परवानाधारकांची तपासणी असे. साहेबांच्या वतीनं ती मी करायचो. छापील तक्ता होता. परवाना दर्शनी भागात लावला आहे काय. टेबल नेमून दिलेल्या जागी आहे काय. नोंदवही नियमाप्रमाणे आहे काय. कुठं उणं दिसलं तर शेरा मारायचा, त्यावर नोटीस निघायची आणि किरकोळ दंड व्हायचा. एवढा किरकोळ, की भरणाऱ्यापेक्षा पावती फाडणाऱ्याला संकोच वाटावा. मात्र शेरा परवान्याच्या फाइलला लागायचा, आणि आमच्याकडं रीत अशी होती की तीन शेरे झाले की परवाना निलंबित. तपासणी केली असं वर दिसायला चार-दोन शेरे मारणं भागच असायचं. पाच टेबलांपैकी एक जण आमदाराचं नाव घ्यायचा. एक भांडायला उठायचा. एकाचा मेहुणा वरच्या ऑफिसात होता. एक रडायचा, खरंखुरं रडायचा. आणि पाचवे काका. ते म्हणायचे, "लिहा भाऊसाहेब. बरोबर हाय तुमचं."

म्हणून मी त्यांच्यावर शेरा मारायचो. दुसरं कारण नव्हतं. त्यांच्याकडं गेलं की पाच मिनिटांत काम व्हायचं.

पहिला शेरा परवाना भिंतीवर नसल्याचा. तो फ्रेमसकट टेबलावर आडवा ठेवलेला असायचा, कारण अंगठा उठवायला त्यांना खाली काहीतरी सपाट आणि कडक लागायचं. "भिंतीवर टांगून नुसता बघायचा, त्यापरीस हिथं कामाला येतोय," असं ते म्हणाले, आणि दंड भरला. दुसरा शेरा टेबल जागेवरून हलवल्याचा. उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजायचं, म्हणून त्यांनी टेबल चार हात सरकवून भिंतीच्या सावलीत नेलं होतं. मी टेप लावून मोजलं. खरंच मोजलं. त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. त्याच तपासणीत पलीकडच्या टेबलाची नोंदवही मी बघितली होती. सुरेख अक्षर, एक खाडाखोड नाही, आणि रोजच्या तारखेखाली दोन दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या. त्या ओळी कशासाठी ठेवतात हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. ज्याला मागच्या तारखेचा स्टँप हवा असेल त्याची ती जागा. त्याच्यापुढं मी लिहिलं, 'नोंदवही नीटनेटकी.' कोऱ्या ओळींसाठी तक्त्यात रकाना नव्हता. दस्त वाचून दाखवतो काय, यालाही नव्हता. मी तक्त्याच्या बाहेर एक शब्द लिहिला नाही. ह्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

आता तिसऱ्या शेऱ्याचं सांगतो.

एका सकाळी जीपमधून चौघं आले. बबनशेठ नावाचा एजंट, दोन भाऊ, आणि पाबळला दिलेली त्यांची थोरली बहीण हौसाबाई. मी तेव्हा काकांच्या टेबलाशी चहा पीत होतो, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. हायवेलगतची जमीन विकायची होती, त्याआधी बहिणीचं नाव निघायला हवं होतं. काकांनी पेन्सिलीनं नाव लिहिलं, मसुदा केला, हौसाबाईंना स्टुलावर बसवलं आणि वाचायला लागले. अर्ध्यात पोचले असतील नसतील, तोच बाईंनी हात वर केला.

"थांबा वाईच. म्हंजी माझं नाव जातंय व्हय यातनं?"

धाकटा भाऊ म्हणाला, "अगं अक्का, नुसतं कागदापुरतं."

"मला तर साक्षीला चल म्हनलास."

"तेच गं ते. साक्षीसारखंच."

काका चष्म्यावरून त्याच्याकडं बघत म्हणाले, "दादा, साक्षीचा कागद येगळा असतो. ह्याला हक्कसोड म्हणतात. बाई, ह्याच्यावर अंगठा दिला की त्या जमिनीत तुमचं काय राहत न्हाई. द्यायचा असंल तर आनंदानं द्या. पण समजून द्या."

हौसाबाईंनी पदर नीट केला, उठल्या आणि भावाला म्हणाल्या, "मागितलं असतंस तर दिलं असतं रे. फशिवलंस म्हणून न्हाई देत." आणि चालत फाटकाबाहेर गेल्या. जीपमधून आलेली बाई एसटी स्टँडच्या दिशेनं चालत निघाली. काकांनी खोडरबर घेतला, नोंदवहीतली ओळ पुसली आणि भुगा फुंकरीनं उडवला. बबनशेठनं काकांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

आठवड्याभरानं त्यानं मला कुरकुंभच्या फाट्यावर चहाला बोलावलं. माझा धाकटा भाऊ तिथल्या एका कंपनीत कंत्राटी होता, आणि त्याला तिथं लावला होता बबनशेठनंच. "काय म्हणतोय धाकटा? शिफ्टची सवय झाली का? पर्मनंटचं बोललोय मी मॅनेजरशी, होऊन जाईल." मग बशीत चहा ओतत म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या त्या शेवटच्या टेबलावर पेन्सिल वापरत्यात म्हणं. चालतं का हो असं?" मी म्हणालो, चालत नाही. "मग झालं तर. आपण काय बेकायदा सांगतोय व्हय? नियमानं तपासा, एवढंच." त्यानं मला पैसे देऊ केले नाहीत. दिले असते तर मी उठून गेलो असतो, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यानं फक्त नियम पाळायला सांगितला. चहाचे पैसेसुद्धा मी दिले.

तपासणीची तारीख दोन महिने लांब होती. मी ती अलीकडं घेतली. काकांच्या टेबलाशी गेलो आणि "नोंदवही," असं म्हणालो. 'काका' म्हणालो नाही. त्यांनी स्वतःच पान उघडून दिलं. "आजच्या चार हायेत पेन्सिलीतल्या. दोन पिकतील, दोन गळतील असं दिसतंय." मी लिहायला घेतलं आणि माझं पेन उठेना. त्यांनी खिशातलं आपलं शाईचं पेन काढून टोपण उघडून माझ्या हातात दिलं. 'नोंदवहीतील नोंदी पेन्सिलीने केलेल्या आढळल्या. सदर बाब गंभीर आहे.' त्यातला 'गंभीर' हा शब्द माझा. काकांनी वाकून वाचलं. "हा तिसरा ना?" मी हो म्हणालो. तेव्हा तरी त्यांनी चिडायला हवं होतं. पलीकडच्या टेबलाकडं बोट दाखवायला हवं होतं. 'कोकरे, माझा डबा खाल्लास' असं म्हणायला हवं होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती. ते म्हणाले, "लिहा भाऊसाहेब. बरोबर हाय तुमचं." आणि पेन परत घेऊन खिशाला लावलं... त्या वाक्याचा मला आजही राग येतो. एक माणूस दुसऱ्याला वाईट वागायला इतकी मोकळी वाट का देतो, हे मला कळलेलं नाही.

निलंबन तीन महिन्यांचं होतं. तीन महिन्यांनी नूतनीकरणाची फाइल वर गेली आणि वरच राहिली. ती हलवायला एका टिपणाची गरज होती. ते टिपण मी लिहायला हवं होतं. मी बदली मागून घेतली. काकांच्या टेबलाच्या जागी सायकली लागू लागल्या. त्याच सुमाराला सगळीकडं बनावट स्टँपच्या बातम्या यायला लागल्या. रोज पेपरात तेच. स्टँपवाला, परवाना गेलेला, घरी बसलेला... लोकांनी दोन आणि दोन जोडले. कुणी तोंडावर विचारलं नाही, त्यामुळं काकांना उत्तर द्यायची संधीही मिळाली नाही. ते शिरूरला घरी राहू लागले. ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, कागद समजावून सांगायचे. त्याला परवाना लागत नव्हता. आणि माझा भाऊ पर्मनंट झाला, दीड वर्षानं कंपनीतल्या वासानं डोकं उठतं म्हणून नोकरी सोडून आला, आता टेम्पो चालवतो. म्हणजे ज्याच्यासाठी केलं तेही राहिलं नाही. हौसाबाईंच्या जमिनीचं पुढं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

काका जायच्या चार महिने आधी दौंडला माझ्या घरी आले होते. बरेच थकले होते, जिना चढून आल्यावर काही वेळ बोलता आलं नाही. बायकोनं पाणी दिलं. मग म्हणाले, "भाऊसाहेब, मंडळीच्या कमिटीवर माझं नाव सुचवलंय. मी काय मागितलं नव्हतं. पण नाव निघालं तसं कुणीतरी स्टँपचं काढलं. आता मी नको म्हणालो तर लोक म्हणतील खरंच असंल. तुम्ही दोन ओळी लिहून द्या. पेन्सिल वापरली म्हणून शेरा होता, बनावट काय सापडलं नव्हतं. एवढंच." मी म्हणालो, "नोकरीत असताना असं लेखी देता येतं का, विचारून बघतो." विचारायचं कुणाला, हे त्यांनी विचारलं नाही. "विचारा. घाई न्हाई," असं म्हणून उठले. नंतर त्यांचे दोन फोन आले. पहिल्याला मी 'चालू आहे' म्हणालो. दुसऱ्या वेळी मी बायकोला हातानं खूण केली, आणि ती म्हणाली, "ते बाहेर गेलेत." कमिटीवर दुसरं कुणी आलं.

दफनभूमीतून परत आल्यावर मी चार आठवडे झोपायचा प्रयत्न केला. मग एका रविवारी बसून पेपरात द्यायला हा लेख लिहिला, म्हणजे ह्याचा पहिला खर्डा, आणि तो घेऊन शिरूरला रूथकाकूंकडं गेलो. दुपार होती. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, अजूनही पाठ ताठ ठेवून बसतात. पुढच्या खोलीत ज्या खुर्चीवर काका लोकांना बसवायचे तिच्यावर मला बसवलं. मी खर्डा हातात तसाच धरून आधी तोंडानं सगळं सांगितलं. बबनशेठ, कुरकुंभ, भाऊ, अलीकडं घेतलेली तारीख. माझं संपल्यावर काकू म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बबनशेठचं. तुमच्या भावाचं. सगळं आवार बघत होतं की तुम्हाला फाट्यावर चहा पिताना."

"मग तरी माझ्याकडं का आले ते? त्या दोन ओळी मागायला?"

"मग दुसरं कोण देणार होतं?" रूथकाकू म्हणाल्या. "लिहिलं कुणी होतं?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. नर्स असताना पेशंटच्या नातेवाइकांना थांबवत असतील तसा. "ते मला सांगू नका. मला सांगून तुमचं हलकं होईल, त्यांचं काय होणार? मंडळीत जाऊन बघा. अजून बायका माझ्याकडं बघून गप होतात. आणा ते, काय लिहिलंय."

खिडकीतून त्यांनी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा उचलला आणि उघडला. आत चष्मे होते. पंचवीस-तीस तरी असतील. जाड काचांचे, बारीक काचांचे, एका काडीचे, प्रत्येकाला दोऱ्यानं नंबराची चिठ्ठी बांधलेली. "ओट्यावर बसायला लागल्यापासून जमवले त्यांनी," काकू म्हणाल्या. "नंबर बदलला की लोक जुना टाकून देतात ना, ते मागून आणायचे. म्हातारी माणसं चष्म्याशिवाय येतात, म्हणायचे, आन् कुठं सही केली ते दिसत न्हाई त्यांना." त्यातला एक लावून त्या माझा खर्डा वाचू लागल्या. सावकाश, एकेक ओळ. मी भिंतीकडं बघत बसलो होतो. मध्येच त्या म्हणाल्या, "हे देवमाणूस वगैरे काढून टाका. हट्टी होते ते. शाईनं लिहिलं असतं तर हात झडले नसते. मी पण सांगून सांगून थकले." ते ऐकून मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, इतकी वर्षं त्यांच्यावर चिडायला दुसरं कुणी मला मिळालं नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटा केला, पाठीमागं बघितलं, परत सुलटा केला.

"तुमचं नाव कुठाय?"

मी म्हणालो, पेपरवाल्यांना सांगितलं तर ते टोपणनावानंही छापतात.

"त्यांचं नाव खरं टाकलंय. शेऱ्यावर तुमची सही खरी होती. हिथं तेवढं खोटं कशाला?" आणि डबा माझ्यापुढं सरकवला. "गावासकट टाका. हितंच, माझ्यासमोर. दिसत नसंल तर लावा ह्यातला एखादा."

मला खरंच दिसत नव्हतं. पन्नाशी जवळ आली तरी चष्मा करायचं मी टाळत होतो. तीन लावून बघितले. चौथ्यानं अक्षरं स्थिर झाली. मग लिहिलं ते इथंही तसंच लिहितो. शांतवन साळवे यांनी बनावट स्टँप कधीही विकला नाही, मागच्या तारखेचा स्टँप कधीही दिला नाही. ते नोंदवहीत आधी पेन्सिलीनं लिहीत, एवढीच त्यांची चूक होती, आणि ती कशी वापरायची हे ठरवून त्यांचा परवाना मी घालवला. मी, ज्ञानोबा कोकरे, भांडगाव, हल्ली दौंड.

काकूंनी ते वाचलं आणि मान हलवली. बरं झालं असं म्हणाल्या नाहीत. मी चष्मा काढून डब्यात ठेवायला लागलो, तर म्हणाल्या, "असू द्या. अजून पक्कं लिहायचं असंल ना? काम झालं की परत आणून द्यायचा, अशी रीत हाय. सगळे आणून देतात."

हे शेवटचं पान मी तोच चष्मा लावून लिहितो आहे. डाव्या काडीला बांधलेली चिठ्ठी झिजून गेली आहे, नंबर वाचता येत नाही. दोऱ्याची गाठ मात्र घट्ट आहे, आणि लिहायला वाकलो की ती कानामागं टोचते. सोडवायला दोन मिनिटं लागतील. अजून मी ती सोडवलेली नाही.